गळती निवारण, मु. पो. किन्हवली

किन्हवलीच्या माणसाला गळती म्हणजे काय ते शिकवायला जाऊ नये. जूनमध्ये पाऊस लागला की इथे आधी कौलं गळतात, मग छत्री गळते, मग शहापूरहून येणारी एसटी गळते. गळतीखाली सीट मिळालेला प्रवासी कंडक्टरशी हुज्जत न घालता एसटीतच छत्री उघडतो. ती छत्रीही गळकीच असते, पण निदान गळती आपल्या मालकीची असल्याचं समाधान मिळतं. मे महिन्यात घरावर चढून कौलं शाकारायची रीत आहे. तिचा उपयोग एवढाच, की गेल्या वर्षी देवघरात मांडलेलं पातेलं यंदा माजघरात मांडावं लागतं.

अशा गावात शाईचं पेन गळलं म्हणून कुणी हाय खात नाही. मात्र बाकीच्या गळतीत आणि या गळतीत एक फरक आहे. घर गळलं तर शेजाऱ्याला कळत नाही. पेन गळलं की त्याचा पंचनामा माणूस छातीवर लावून गावभर फिरतो. तोही नेमका डाव्या बाजूला, हृदयाच्या जागी. लग्नाच्या पंगतीत समोरचा माणूस आपल्याशी बोलताना डोळ्यांत न बघता खिशाकडे बघतोय असं दिसलं, की समजावं, पेनाने काम केलेलं आहे.

आता शाईचं पेन वापरतो कोण, असं कुणी विचारील. आमच्याकडे तीन प्रकारचे लोक वापरतात. पहिले निवृत्त गुरुजी. यांच्या मते बॉलपेन हे किराणा मालाची यादी करण्याचं साधन असून त्याने केलेली सही ही सहीच नव्हे. दुसरी शाळकरी मुलं. अक्षर सुधारेल या आशेने आईबापांनी त्यांच्या हाती शाईचं पेन दिलेलं असतं. अक्षर सुधारायला वेळ लागतो, बोटं मात्र पहिल्याच दिवशी निळी होतात. तिसरे मुंबईकर. शहापूर-मुरबाडकडे फार्महाऊस बांधून ते शनिवार-रविवारी शेतकरी होतात आणि खिशाला इतकं महाग पेन लावतात, की त्या पैशांत इथल्या शेतकऱ्याने भाताचं बियाणं, खत आणि लावणीची मजुरी भागवली असती. तेही पेन गळतं. गळतीपुढे सगळे समान आहेत.

पेन गळायला लागलं की गावात कुणाला काही विचारावं लागत नाही. सल्ले आपण होऊन घरी येतात. साबणवाले म्हणतात, आट्यांना अंगाचा साबण घासा. दोरावाले म्हणतात, साबण विरघळतो, शिवणाचा दोरा गुंडाळा. मेणबत्तीवाले दोघांनाही हसतात. सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे वॉलट्यूबचा तुकडा तयारच असतो, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तो तोच देतो. नळाची कामं करणारा पांढरी टेफ्लॉन टेप काढतो आणि अर्ध्या इंची पाइपाच्या हिशेबाने पेनाला सात वेढे देतो. मग पेन बंद होत नाही. जोर लावून बंद केलंच, तर नळी उभी चिरते आणि गळायला नवी जागा मिळते. शेवटचा, सर्वांत धाडसी पंथ फेविक्विकवाल्यांचा. त्यांचं पेन खरोखर पुन्हा कधी गळत नाही. ते पुन्हा कधी उघडतही नाही, त्यामुळे त्यात शाई भरण्याचा प्रश्नही कायमचा सुटतो.

एक व्हॅसलीनवालेही आहेत. त्यांचं काम बराच काळ ठीक चालतं. पण पेनात रबरी वायसर किंवा रबराची पिशवी असेल, तर पेट्रोलियम जेली हळूहळू त्या रबराला फुगवते आणि मऊ करून टाकते. खरं औषध म्हणजे सिलिकॉन ग्रीस. पाण्याच्या फिल्टरच्या वायसरला लावतात तेच. काडीच्या टोकावर घेऊन आट्यांवरून एकदा फिरवलं की पुरे. पण त्याने फक्त आट्यांची गळती थांबते, आणि पेन दर वेळी आट्यांतूनच गळतं असं नाही. हे ज्याला कळलं तो अर्धा वैद्य झाला.

बाजारात वह्या-पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथले शेठ पूर्ण वैद्य आहेत. एक गुरुजी त्यांच्याकडे पेन घेऊन आले तेव्हाचं संभाषण असं:

"शेठ, पेन गळतंय."

"कुठून?"

"खिशातून."

"गुरुजी, पेन कुठून गळतंय?"

"ते मला ठाऊक असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

शेठनी पेन हातात घेतलं, फडक्याने कोरडं पुसलं, टिपकागदाच्या पट्टीत गुंडाळलं आणि पाण्याच्या रिकाम्या पेल्यात निब खाली करून उभं केलं. "उद्या या," म्हणाले. आजार हुडकायला रात्रभर दाखल करून घेणारं दुकान पंचक्रोशीत हे एकच असावं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तर डाग मधोमध, आट्यांच्या रेषेत नव्हता. तो टोकाला, निबेच्या मुळाशी होता. म्हणजे साबण, दोरा, मेण, वॉलट्यूब आणि टेफ्लॉन या सर्वांची नेमणूक चुकीच्या चौकीवर झाली होती.

मग शेठनी शेजारच्या टपरीवरून कपभर उकळतं पाणी मागवलं. टपरीवाल्याने सवयीने चहाच पाठवला, तो गुरुजींनी घेतला. दुसऱ्या खेपेला पाणी आलं. शेठनी निब आणि तिच्याखालची काळी जीभ ओढून बाहेर काढली, आधी जीभ नखाने खरवडून बघितली, मग दोन्ही एकत्र धरून गरम पाण्यात बुडवली, वर काढली आणि अंगठ्याने निब जिभेवर दाबून धरली. उजेडासमोर धरून एक डोळा मिटला. निब आणि जीभ यांच्यामधून आधी उजेड दिसत होता, तो आता दिसेना. "झालं," म्हणाले. जुन्या पेनांची जीभ इबोनाइटची असते, म्हणजे रबरात गंधक घालून कडक केलेली. उष्णतेने ती नरम पडते आणि निबेच्या वळणाला बसते. प्लॅस्टिकच्या जिभेवर हाच प्रयोग केला तर ती वाकडी होऊन बसते. नखाने खरवडणं त्यासाठीच होतं, असं शेठ म्हणाले. खरवडून त्यांना काय कळलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. वैद्य सगळंच सांगत नसतात.

इतकं होऊनही ते पेन पुन्हा गळलं. या वेळी शेठनी पेनाला हात न लावता गुरुजींनाच तपासलं.

"शाई कधी भरता?"

"संपली की."

"तिथेच घोडं पेंड खातंय. संपायच्या आधी भरा."

गुरुजींना वाटलं, दौती खपवायला बोलतोय. पण शेठच्या या एका वाक्यात शाईपेनाचं निम्मं शास्त्र आहे. पेन शाईमुळे गळत नाही. ते हवेमुळे गळतं. आपण सगळे शाई अडवायला धावतो आणि खरी गुन्हेगार मागच्या दाराने आत येऊन आरामात बसलेली असते.

हिशेब सोपा आहे. शाळेतल्या साध्या ड्रॉपरवाल्या पेनात दोनेक मिलिलिटर शाई मावते. समजा अर्धा मिलिलिटर उरली आणि वर दीड मिलिलिटर हवा आहे. डिसेंबरची सकाळ, पेन वीस अंशांवर गारठलेलं. मुलाने ते मुठीत घट्ट धरलं आणि हाताच्या उबेने आतली हवा तीस अंशांवर गेली. दहा अंशांनी हवा साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगते. दीड मिलिलिटरचे साडेतीन टक्के म्हणजे एक विसांश मिलिलिटर. सलाइन लावणाऱ्या सिस्टरना विचारा, एक विसांश मिलिलिटर म्हणजे बरोबर एक थेंब. तो थेंब निबेतून उतरतो आणि 'माझी आई' या निबंधात आईच्या नावावर पडतो. तेच पेन तोंडापर्यंत भरलेलं असतं, तर वर जेमतेम चिमूटभर हवा राहिली असती. तिच्या फुगण्याने थेंबाचा सातवा हिस्सा पुढे सरकला असता आणि जिभेवरच्या खाचांनी तो परस्पर जिरवला असता. माणूस पोट भरलं की ढेकर देतो, पेन पोट रिकामं झालं की देतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात तो अनुभव दोन मिलिलिटरांतही येतो.

ही गोष्ट खरं म्हणजे शहापूर तालुक्याला सर्वांत आधी कळायला हवी होती. तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, पुढे त्यात भातशाची भर पडली. मुंबईकडे जाणाऱ्या त्या थोरल्या जलवाहिन्यांवर जागोजागी एअर व्हॉल्व्ह बसवलेले आहेत, कारण नळात अडकलेल्या हवेला वाट दिली नाही तर ती पाण्याला सुखाने जाऊ देत नाही, हे साहेबाच्या इंजिनिअरला चांगलं ठाऊक होतं. आमच्या तालुक्याला त्या व्हॉल्व्हचं शास्त्र कळलं नसेल, पण उपयोग नक्की कळला. व्हॉल्व्ह ठिबकायला लागला की खाली हंडे लागतात. धरण उशाला नि कोरड घशाला, अशा तालुक्यात गळती ही नेहमीच तक्रारीची बाब नसते, कधीकधी ती पाणीपुरवठ्याची योजना असते.

हवेचा हा खोडसाळपणा बघायचा असेल तर अर्ध्या भरलेल्या पेनासह किन्हवलीहून सरळगावला यावं आणि नगरकडे जाणारी गाडी धरावी. टोकावड्यापर्यंत पेन सभ्य असतं. पुढे माळशेज घाट लागतो. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे. तिथे पोचेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो आणि पेनातली दीड मिलिलिटर हवा तेवढीच फुगते. म्हणजे दोन थेंब. बाकीचे प्रवासी धबधबे बघत असतात, आपण खिसा बघायचा. उतरताना हवा आकसते, म्हणून घाट उतरताना पेन सहसा गळत नाही. विमानात तर कहरच. तिथे केबिनमधला दाब जमिनीवरच्या पाऊणपट धरला, तर दीड मिलिलिटर हवेला अर्धा मिलिलिटर जास्तीची जागा लागते. आपल्या हिशेबातल्या पेनात शाई होती तेवढीच. म्हणजे निब खाली राहिली, तर विमान ढगांवर जाईपर्यंत पेन रिकामं आणि प्रवासी भरलेला.

यावर उपाय काढण्यात माणसांनी आयुष्यं घालवली. अमेरिकेत लुईस वॉटरमनने 1884 मध्ये जिभेचं पेटंट घेतलं. जिभेत बारीक खाचा पाडल्या, म्हणजे शाई बाहेर येईल त्या मानाने हवा आत जाईल, एकदम भडभडा नाही. वॉटरमन विम्याचा एजंट होता आणि ऐन सहीच्या वेळी कराराच्या कागदावर डाग पडून गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून इरेला पेटून त्याने शोध लावला, अशी गोष्ट सांगतात. ती बहुधा मागाहून जाहिरातीसाठी रचलेली असावी, असं पेनांचे अभ्यासक म्हणतात. पण विमा एजंटाच्या तावडीतून गिऱ्हाईक सुटल्याचं एवढं एकच उदाहरण असल्यामुळे ते खोटं मानायला जीव धजत नाही.

जॉर्ज पार्करची गोष्ट आमच्या गुरुजींना जास्त आवडते, कारण पार्कर मास्तर होता. अमेरिकेतल्या जेन्सव्हिल गावात तो तारायंत्र शिकवायचा आणि जोडधंदा म्हणून विद्यार्थ्यांना पेनं विकायचा. पेनं गळायची. विद्यार्थी ती मास्तरांकडेच परत आणायचे. दुरुस्त्या करून करून तो इतका कावला, की 1888 मध्ये त्याने स्वतःची कंपनीच काढली. 1894 मध्ये त्याने जिभेचं मागचं टोक वाकवून नळीच्या भिंतीला टेकवलं. पेन खिशात निब वर करून ठेवलं की जिभेत अडकलेली शाई त्या भिंतीवरून आपोआप टाकीत परतायची. या वाकड्या जिभेचं नाव 'लकी कर्व्ह'. जीभ वाकडी असण्याचा कुणाला लाभ झाल्याची नोंद इतिहासात फार ठिकाणी नसेल. जपान्यांनी आणखी वेगळी युक्ती केली. त्यांनी ड्रॉपरच्या पेनात मागच्या बाजूने एक दांडी घातली. शेपूट पिळून घट्ट केलं की शाईची वाट बंद, लिहायच्या आधी जरासं सैल केलं की चालू. म्हणजे पेनाला व्हॉल्व्हमन आला. आमच्याकडच्या नळयोजनेच्या व्हॉल्व्हमनशी तुलना केली, तर जपानी दांडी ठरल्या वेळी उघडते एवढाच फरक.

शेवटी माणसं कंटाळली आणि त्यांनी पातळ शाईच सोडली. हंगेरीच्या लास्लो बीरो नावाच्या पत्रकाराने 1938 मध्ये घट्ट शाईच्या बॉलपेनचं पेटंट घेतलं. उंचावर गळत नाही म्हणून महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानेही बॉलपेनं घेतली. 1945 मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात साडेबारा डॉलरला एक अशी रेनॉल्ड्स कंपनीची बॉलपेनं विक्रीला आली, तेव्हा घ्यायला झुंबड उडाली. आणि गंमत बघा, न गळणारं म्हणून घेतलेल्या त्या पेनांपैकीही पुष्कळ गळली आणि ढिगाने परत आली. ही हकीकत ऐकून गुरुजी दिवसभर प्रसन्न होते.

आपल्याकडे शाईचा संसार जुना. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेसाठी एक अख्खा समास दिला आहे. वळणदार अक्षर, शाई, देशोदेशीचे बोरू, सगळ्याची तजवीज त्यात आहे. गळतीचं प्रकरण मात्र नाही, कारण बोरूला टाकीच नसते. ज्याच्या पोटात काही नाही त्याचं गळणार काय? टाकी आली आणि काळजी आली. दिगंबर परशुराम दांडेकरांनी 1931 मध्ये गिरगावात शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, त्याची पुढे कॅम्लिन झाली आणि मराठी मुलांच्या कैक पिढ्या कॅमलच्या दौतीत वाढल्या. वडी पाण्यात विरघळवायची, पाणी विहिरीचं, ढवळायला बाभळीची काडी. गाळ राहिला की पेन अडतं, पातळ झाली की पेन सुटतं. या दोन्हींच्या मधली शाई ज्याला जमायची, तो वर्गातला शास्त्रज्ञ.

त्या वर्गाचे गळतीविषयक कायदे आजही अनेकांना पाठ असतील. वहीवर थेंब पडला तर खडू आडवा करून त्यावरून फिरवायचा, खडू शाई पितो. निबेवर जास्त शाई आली तर ती केसांना पुसायची. तेल लावलेल्या केसांत निळं दिसत नाही, आणि डोक्यात काहीतरी गेलं म्हणून मास्तरही खूश. शेजाऱ्याला शाई उसनी द्यायची ती बाकावर थेंब टाकून, त्याने तो निबेने शोषून घ्यायचा. थेंब मोजून दिलेले असायचे आणि परतफेडीवरून मधल्या सुट्टीत मारामाऱ्या व्हायच्या. एखाद्याचं पेन गळकं निघालं, तर फुकट थेंबाच्या आशेने त्याच्या शेजारी बसायला गर्दी व्हायची. तानशाच्या व्हॉल्व्हखालच्या हंड्यांची तालीम ती तिथेच.

असो. शेठच्या दुकानात इतकी वर्षं चाललेल्या या संशोधनाचं सार गिऱ्हाइकांसाठी सांगून ठेवतो. पेन गळालं की आधी ते कुठून गळतंय ते टिपकागदाला विचारा, माणसांना नंतर. आट्यांतून गळत असेल तर सिलिकॉन ग्रीस, निबेच्या मुळातून गळत असेल तर जीभ बसवून घ्या, नळीला चीर असेल तर पेनाला नमस्कार करून नवं घ्या. पाव टाकी उरली की पुन्हा काठोकाठ भरा. खिशात ठेवताना निब वर. दप्तरात आडवं टाकू नका. घाट चढायचा असेल किंवा विमानात बसायचं असेल, तर टाकी एकतर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. मधली स्थिती, संसारात चालते तशी पेनात चालत नाही.

आणि दौत घेताना तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. 'वॉशेबल' लिहिलेली शाई लगेच गार पाण्यात भिजवली तर बहुतेक निघते. 'परमनंट' लिहिलेली निघत नाही. हे लेबल दुकानातच वाचलेलं बरं, नाहीतर ते घरी गेल्यावर बायको शर्टावरून वाचून दाखवते.